एक मैल किती मिनिटांचा?

(संस्थेच्या वार्षिक क्रीडादिनी पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)





क्रीडादिनाच्या पाहुण्याने खेळाचे महत्त्व विशद करावे, "निरोगी शरीरात निरोगी मन" हे वाक्य एकदा तरी उच्चारावे, बक्षिसे वाटावीत आणि चहा घेऊन घरी जावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो आज थोडा मोडणार आहे. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे, आणि तो प्रश्न अगदी साधा आहे. सामान्य माणूस एक मैल किती वेळात धावू शकतो?

आज सकाळी मैदानावर नववीच्या मुलांना मी हाच प्रश्न विचारला. एक जण म्हणाला, "सर, दोन मिनिटं." दुसरा म्हणाला, "दहा." तिसरा जरा विचार करून म्हणाला, "सर, पण मैल म्हणजे किती?" मला हा तिसरा मुलगा आवडला. ज्याला अंतर ठाऊक नाही त्याने वेळ सांगू नये, हे त्याला कळले होते. तेव्हा त्याच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

मैल हे माप रोमन लोकांचे. त्यांच्या सैनिकांची हजार दुहेरी पावले म्हणजे एक मैल. हाच शब्द अरबीत "मील" झाला. आपल्यापैकी जे हज्ज किंवा उमरा करून आले आहेत त्यांना सफा आणि मरवा यांच्यामधली सई आठवत असेल. सात फेऱ्या, एकूण सुमारे तीन किलोमीटर. त्या वाटेवर जिथे हिरव्या खुणा आहेत तिथे पुरुषांनी झपझप धावल्यासारखे चालायचे असते. त्या खुणांना "मीलैन अखजरैन" म्हणतात, म्हणजे दोन हिरवे मील. इथे मील म्हणजे खुणेचा खांब. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधणारी एक आई, हजरत हाजरा, तिथे धावली होती, आणि तिच्या धावण्याची आठवण आजही लाखो माणसे आपल्या पायांनी जागवतात. आपल्याला धावण्याचे वावडे असण्याचे काही कारण नाही, एवढेच मला यातून सुचवायचे आहे.

आजच्या हिशेबाने मैल म्हणजे 1609 मीटर. 400 मीटरच्या धावपट्टीवर चार फेऱ्या आणि वर नऊ-दहा पावले. आपल्या रत्नागिरीच्या हिशेबाने सांगायचे तर भाट्याच्या खाडीच्या मुखापासून झरी विनायकापर्यंतची जी सरळ पुळण आहे, ती सुमारे दीड किलोमीटर भरते, म्हणजे मैलाला थोडीशीच कमी. हे अंतर आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी चालून काढले आहे. रमतगमत गेलो तर वीस मिनिटे लागतात. भराभर चाललो तर पंधरा.

आता दुसरे टोक पाहू. जगात आजवर एक मैल सर्वात जलद धावलेला पुरुष मोरोक्कोचा हिशाम अल गरूज. 7 जुलै 1999 रोजी रोममध्ये त्याने 3 मिनिटे 43.13 सेकंदांत मैल पुरा केला. पाव शतक उलटून गेले, तरी तो विक्रम उभा आहे. हा वेग किती, हे नुसत्या आकड्याने कळत नाही. विद्यार्थी मित्रांनो, उद्या मैदानावर जा, 100 मीटर आखा आणि जीव तोडून पळा. तुम्हाला 14 सेकंद लागले तर शाळेत तुम्ही चांगले धावपटू ठराल. या माणसाने 14 सेकंदांहूनही थोड्या कमी वेळात 100 मीटर, असे एकामागोमाग एक, न थांबता सोळा वेळा काढले.

म्हणजे एका टोकाला वीस मिनिटांचा मैल आणि दुसऱ्या टोकाला पावणेचार मिनिटांचा मैल. आपण सर्व या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहोत. कुठे आहोत आणि कुठे पोहोचू शकतो, हा आजचा विषय.

त्याआधी एका डॉक्टरची गोष्ट सांगतो. 1954 पर्यंत चार मिनिटांच्या आत मैल कुणीही धावले नव्हते. स्वीडनच्या गुंडर हेगने 1945 मध्ये 4 मिनिटे 1.4 सेकंदांपर्यंत मजल मारली होती, आणि मग नऊ वर्षे घड्याळाचा काटा तिथेच अडला. हे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे बोलणारेही पुष्कळ होते. 6 मे 1954 रोजी रॉजर बॅनिस्टर नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने ऑक्सफर्डच्या मैदानावर 3 मिनिटे 59.4 सेकंदांत मैल पुरा केला. हा तरुण वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्या दिवशी सकाळी तो लंडनच्या रुग्णालयात आपले काम करून मग आगगाडीने ऑक्सफर्डला गेला. त्याचा सराव दुपारच्या सुटीतला, दिवसाला अर्धा-पाऊण तासाचा. पुढे तो मज्जाविकारांचा नामवंत डॉक्टर झाला आणि आपल्या वैद्यकीय कामाचे मोल तो त्या चार मिनिटांहून अधिक मानीत असे. खेळ की अभ्यास, असा वाद घालणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

पण मला तुमच्यापुढे ठेवायचे आहेत ते त्याच्या चार फेऱ्यांचे चार आकडे. पहिली फेरी 57.5 सेकंद. दुसरी 60.7. तिसरी 62.3. चौथी 58.9. यांतली सर्वात संथ फेरी कोणती? तिसरी. पहिल्या फेरीत अंगात ताजेपणा असतो. चौथ्या फेरीत शेवट डोळ्यांपुढे दिसतो, लोक ओरडत असतात. तिसऱ्या फेरीत यांपैकी काहीच नसते. दम लागलेला असतो, पाय जड झालेले असतात, शेवट दूर असतो आणि टाळ्या वाजवणारे कुणी नसते. मैल जिंकला किंवा हरला जातो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या फेरीत. ही तिसरी फेरी ध्यानात ठेवा. भाषणाच्या शेवटी मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आता आपल्यासारख्या सामान्य माणसांकडे वळू. ज्याने कधी सराव केला नाही, पण ज्याची प्रकृती ठीक आहे, असा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच मैल धावला, तर त्याला साधारणपणे आठ ते दहा मिनिटे लागतात. त्याच वयाच्या मुलीला दहा ते बारा. कित्येक जण मध्येच चालू लागतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सुरुवात अशीच असते. हाच मुलगा तीन-चार महिने नेटाने सराव करील, तर सात मिनिटांच्या आत येणे त्याला अवघड नाही, आणि अंगी थोडे उपजत असेल तर सहा मिनिटांच्या आसपासही तो येतो. सहा मिनिटांच्या खाली उतरायला वर्षभराची मेहनत लागते, आणि पाचच्या खाली उतरणारा मुलगा तालुक्यात नाव काढतो. चार मिनिटांचा मैल अल्लाहने थोड्यांनाच दिला आहे. पण दहाचा आठ करणे आणि आठाचा सात करणे हे त्याने जवळजवळ प्रत्येकाच्या हाती ठेवले आहे. सर्वात मोठी सुधारणा सर्वात मागे असलेल्याचीच होते, ही या खेळाची मोठी मेहेरबानी आहे.

पालकांना वाटेल, हे मुलांचे झाले, आमचे काय? तुमचाही हिशेब झालेला आहे. अमेरिकेत डॅलस येथील कूपर इन्स्टिट्यूट आणि टेक्सास विद्यापीठाचे साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्र यांनी हजारो लोकांची वर्षानुवर्षे तपासणी केली आणि 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पन्नाशीतला पुरुष आठ मिनिटांत मैल धावू शकत असेल तर त्याची तंदुरुस्ती उत्तम. नऊ मिनिटे लागत असतील तर मध्यम. दहा किंवा अधिक लागत असतील तर कमी, आणि पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका त्या मानाने जास्त. त्याच वयाच्या स्त्रीसाठी हे आकडे नऊ, साडेदहा आणि बारा मिनिटे असे आहेत. हे ऐकून उद्याच पहाटे कुणी धावत सुटू नका. ज्यांचे वय चाळीसच्या पुढे आहे, ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि मैल चालून पाहावा. फजरची नमाज झाल्यावर परत अंथरुणात शिरण्याऐवजी मैलभर चालून घरी जावे. वीस मिनिटांचा मैल महिनाभरात पंधरा मिनिटांवर आला, तर तोही एक विक्रमच समजा.

कुणी म्हणेल, सगळ्यांना एकाच मापाने कसे मोजता? मोजू नयेच. सहीह बुखारीत एका शर्यतीचे वर्णन आहे. हुजूर पैगंबर (स.अ.व.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या. शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांना त्यांनी लांबचे अंतर दिले, पाच-सहा मैलांचे. जे घोडे तसे तयार केलेले नव्हते त्यांच्यासाठी वेगळी शर्यत, जवळची. तिचे अंतर किती, तर सुमारे एक मैल. म्हणजे तयारी नाही म्हणून कुणाला शर्यतीबाहेर काढले नाही. त्याच्या तयारीला शोभेल असे अंतर त्याला दिले. शिक्षकांनी आणि पालकांनी हा धडा मनात साठवून ठेवण्यासारखा आहे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. एक मैल ही आपल्या मुलांसाठी केवळ हौसेची गोष्ट राहिलेली नाही. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होऊ इच्छिणाऱ्या मुलाला 1600 मीटर, म्हणजे मैलच, धावून दाखवावा लागतो. शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावण्याला आहेत. 5 मिनिटे 10 सेकंदांत किंवा त्याआत पोहोचला तर 20 पैकी 20. तिथून पुढे वेळ वाढेल तसे गुण उतरत जातात. शारीरिक चाचणीत निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचे दार उघडत नाही. सैन्याच्या भरतीतही हेच अंतर, 1.6 किलोमीटर. तिथे साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्याला 100 पैकी 60 गुण त्या धावण्याचेच मिळतात. केंद्रीय सुरक्षा दलांच्या शिपाई भरतीत मुलींना 1.6 किलोमीटर साडेआठ मिनिटांत धावायचे असते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून जाहिरात निघाली की ती प्रत्येकाने स्वतः नीट वाचावी. पण एक मैलाच्या आसपासची ही कसोटी सुटणार नाही, हे धरून चालावे.

2006 साली सच्चर समितीने आपला अहवाल दिला. पोलीस आणि सुरक्षा दलांत आपल्या समाजाचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार कमी असल्याचे त्या अहवालात आहे. याची कारणे अनेक आहेत, आणि ती सगळी आपल्या हातात नाहीत. परंतु अर्जच न करणे, आणि केला तर तयारीविना जाणे, ही दोन कारणे मात्र आपल्या घरातली आहेत.

एका मुलाचे उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही. घर बंदरावरचे, वडील मच्छीमार बोटीवर. मुलगा काटक आणि वेगवान. मोहल्ल्यात त्याच्याइतका जोरात पळणारा कुणी नव्हता. मी त्याला मैदानावर नेले आणि प्रत्येक फेरीची वेळ टिपली. पहिली फेरी 66 सेकंद. मी मनात म्हटले, हा दुसऱ्या फेरीत बसणार. दुसरी 88. तिसरी 109. चौथी, पाय ओढत, 102. एकूण 6 मिनिटे 5 सेकंद. पोरगा गवतावर आडवा झाला आणि म्हणाला, "सर, माझ्यात दम नाही." मी त्याला वही दाखवली आणि म्हटले, "दम आहे. हिशेब नाही."

त्यानंतर चार महिने त्याने सराव केला. बोटीच्या कामामुळे कधी पहाटे, कधी असरनंतर. मी त्याला एकच गोष्ट शिकवली, पहिल्या फेरीत स्वतःला आवरायची. मग पुन्हा वेळ घेतली. 79, 82, 84, 77. एकूण 5 मिनिटे 22 सेकंद. त्याची पहिली फेरी 13 सेकंदांनी मंद झाली होती आणि अख्खा मैल 43 सेकंदांनी जलद झाला होता. आज तो मुलगा खाकी वर्दीत आहे. त्याच्या पायांत ही ताकद आधीपासून होती. ती कशी खर्च करायची हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, थोडा हिशेब तुम्हीही शिका. आठ मिनिटांचा मैल म्हणजे दर फेरीला दोन मिनिटे. सहा मिनिटांचा म्हणजे दर फेरीला 90 सेकंद. 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत म्हणजे दर फेरीला साडेसत्याहत्तर सेकंद. हा आकडा डोक्यात ठेवून पहिली फेरी धावा. "फार हळू जातोय" असे वाटले तरी घड्याळावर विश्वास ठेवा.

सराव कसा करावा? सुरुवातीचा महिना आठवड्यातून चार दिवस, वीस-पंचवीस मिनिटे, धावत आणि चालत. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एक दिवस फेऱ्यांचा. 400 मीटर ठरलेल्या वेगाने धावायचे, दोन-तीन मिनिटे चालायचे, पुन्हा 400. आरंभी चार, पुढे सहा, मग आठ. बॅनिस्टर असेच दहा वेळा करीत असे. तिसऱ्या महिन्यात 800 मीटरचे दोन-तीन तुकडे जोडा, आणि महिन्यातून एकदाच पुऱ्या मैलाची वेळ घ्या. रोज रोज वेळ घेणारा मुलगा पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्यासारखा असतो.

जागेची तक्रार करू नका. ओहोटीच्या वेळी भाट्याची ओली, घट्ट पुळण ही उत्तम धावपट्टी आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत मात्र वेग मोजू नका. पाय रुततात आणि घोटाही मुरगळतो. पावसाळ्यात समुद्राकडे फिरकू नका आणि जांभ्यावरच्या शेवाळाला जपा. त्या दिवसांत घरातल्या पायऱ्या आणि दोरीवरच्या उड्याही पुरतात. रमजानमध्ये जोराचा सराव बंद ठेवून इफ्तारनंतर हलके चालावे. महागड्या बुटांवाचून अडत नाही, पण झिजून गुळगुळीत झालेले बूट नकोत.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. 2014 च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही तरुण उमेदवार कोसळले आणि दगावले. भर उन्हाळ्याची उकाड्याची हवा होती. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. त्या मुलांच्या घरांत काय झाले असेल ते आठवा आणि कोकणच्या दमट हवेला कमी लेखू नका. आपल्याकडे घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पहाटे धावा, पाणी प्या, उपाशी आणि रात्रभर जागून धावू नका. भोवळ आली, छातीत दुखले, अंगावर काटा आला, तर त्या क्षणी थांबा. पुढची भरती पुन्हा येईल.

आता मुलींविषयी. मघाच्या शर्यतींत मुली कमी दिसल्या म्हणून मुद्दाम बोलतो. हजरत आयशा (र.अ.) आणि हुजूर (स.अ.व.) यांच्यात धावण्याची शर्यत झाल्याचे अबू दाऊदच्या संग्रहात आहे. पहिल्या वेळी त्या जिंकल्या, पुढे केव्हातरी पुन्हा शर्यत झाली तेव्हा हुजूर जिंकले आणि त्यांनी हसत पहिल्या पराभवाची फेड झाल्याचे सांगितले. जे घरात इतक्या प्रेमाने घडले त्याला आपण कमीपणा का मानावा?

इथिओपियात जन्मलेली सिफान हसन 2008 साली पंधरा वर्षांची असताना निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये आली. 2019 मध्ये मोनॅको येथे तिने 4 मिनिटे 12.33 सेकंदांत मैल धावून स्त्रियांचा जागतिक विक्रम केला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने मॅरेथॉन जिंकली आणि सुवर्णपदक घ्यायला ती हिजाब घालून उभी राहिली. तिचा मैलाचा विक्रम 2023 मध्ये केनियाच्या फेथ किपयेगॉनने 4 मिनिटे 7.64 सेकंदांवर नेला. आपल्या महाराष्ट्रात सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. या मुलींना पाय होते, आणि घरातले कुणीतरी "जा" म्हणाले होते. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर, म्हणजे अर्धा मैल, धावायचे असते. भगिनींनो, भोवतीला भिंत असलेल्या शाळेच्या अंगणातही अर्ध्या मैलाचा सराव होतो. सोय करणे आपले काम आहे.

सुरुवात उशिरा झाली म्हणून निराश होण्याचेही कारण नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे शाळेला जाण्यासाठी रोज मैलोन्‌मैल चालत असे. बारावीनंतर तो सैन्यात शिरला आणि शर्यतीचे धावणे त्याने तिथे सुरू केले. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले आणि हांगझोऊ येथे 2023 मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक.

आता वचन दिल्याप्रमाणे तिसऱ्या फेरीकडे परत येतो.

मी या जिल्ह्यातल्या अनेक मुलांना धावताना पाहिले आणि अनेकांना शिकतानाही पाहिले. मला दोन्हींत एकच चित्र दिसते. प्राथमिक शाळा ही पहिली फेरी. पोर दप्तर घेऊन उड्या मारत जाते, घरात सगळ्यांना कौतुक. आठवीपर्यंतची दुसरी फेरीही निभावते. मग येते तिसरी, नववी ते बारावी. गणित अवघड होते, इंग्रजी अडते, घरात पैशाची ओढ असते, आखातातून मामाचा फोन येतो, बोटीवर हात कमी पडतो, मुलीसाठी स्थळ येते. शेवट, म्हणजे पदवी किंवा नोकरी, अजून दिसत नसते. टाळ्या वाजवणारे कुणी नसते. आणि इथेच आपली पुष्कळ मुले चालू लागतात, किंवा मैदानच सोडतात. बोटीवर जाणे किंवा परदेशी जाणे यात कमीपणा मुळीच नाही. आपली घरे त्याच कष्टांवर उभी आहेत. पण चौथी फेरी धावून मग जाणारा आणि तिसरीत थांबून जाणारा, यांच्या पगारात आणि मानात किती फरक पडतो, हे इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हाच हिशाम अल गरूज 1500 मीटरच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या फेरीच्या तोंडाशी अडखळून पडला आणि सर्वांच्या मागे राहिला. 2000 साली सिडनीत सुवर्णपदक थोडक्यात हुकले. 2004 मध्ये अथेन्सला त्याने 1500 आणि 5000 मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. आठ वर्षे तो पडल्याजागी बसून राहिला नाही.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे एक छोटीशी मागणी. यासाठी मोठी देणगी लागणार नाही. मैदानावर चुन्याने फेरी आखा, ती मोजून घ्या, एक स्टॉपवॉच विकत घ्या आणि एक वही ठेवा. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलामुलीची मैलाची वेळ त्या वहीत लिहा आणि दर वर्षी त्याच पानावर पुढची वेळ लिहा. कोण पहिला आला ते लिहू नका. ज्याचा त्याचा गेल्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा, एवढेच. शक्य झाल्यास त्याच पानावर हजेरी आणि गणिताचे गुणही लिहा. क्रीडादिनी एक बक्षीस अशा विद्यार्थ्याला द्या, ज्याने स्वतःच्या वेळेत सर्वात जास्त सुधारणा केली. ते बक्षीस बहुधा मागच्या रांगेतल्या मुलाला मिळेल, आणि त्याला आयुष्यात मिळालेले ते कदाचित पहिलेच बक्षीस असेल.

आणि पालकांनो, तुम्ही शेवटच्या रेषेपाशी उभे राहू नका. तिथे गर्दी असतेच. तिसऱ्या फेरीच्या वळणावर, जिथे पोराचा श्वास फुललेला असतो आणि मान खाली गेलेली असते, तिथे जाऊन उभे राहा, आणि त्याला नावाने हाक मारा.

सकाळच्या त्या तिसऱ्या मुलाला मी उत्तर द्यायचे राहिलो होतो. बेटा, मैल म्हणजे 1609 मीटर. तुला आज बहुधा नऊ मिनिटे लागतील. पुढच्या क्रीडादिनी, इन्शाअल्लाह, मी पुन्हा येईन. तेव्हा तुझ्या वहीतला आकडा मला दाखव.

अल्लाह आपल्या मुलांच्या पायांत बळ देवो, त्यांच्या मनात सब्र देवो आणि आपल्या संस्थेची भरभराट करो. आमीन.

खुदा हाफिज.